घरची माणसं पुढच्या खेपेला

अप्पा, तुमच्या लेकानं मला गाडी दिली, असं सगळीकडं झालंय. रामनगरच्या स्टँडवर फुलं विकणारी तेच म्हणते, गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बायका तेच म्हणतात, आणि माझ्याच खानावळीत माझ्याच हातचं जेवून तोंड पुसणारे ट्रकवालेही म्हणतात, "अक्का, भाऊ असावा तर असा." मी आमटीचं पातेलं खाली ठेवते आणि म्हणते, व्हय, असावा. कुणाकुणाला सांगत बसू? गाडीचे पैसे माझे आहेत. चुलीपुढं बसून थापलेल्या भाकऱ्यांचे आहेत. तुमच्या लेकानं काय दिलं, तर त्याच्या गाड्यांच्या कंपनीत एक स्कीम असते. तिथल्या नोकरदारांच्या नातेवाइकांना आणि मित्रांना गाडी जरा स्वस्तात मिळते, फक्त आतल्या माणसानं त्यांचं नाव द्यावं लागतं, तेही वर्षाला ठरावीकच. त्यानं माझं नाव दिलं. त्यात त्याच्या खिशातला रुपया गेला नाही की अंगाचा घाम निघाला नाही. बसल्या जागी मोबाइलवर बोट फिरवलं आणि दानशूर झाला.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा ही स्कीम नीट उलगडून सांगावी म्हणून लिहायला बसले. मग माझं मलाच हसू आलं. तुम्हाला काय सांगायचं? कंपनीनं ती आता काढली असेल, तुम्ही तर जीप घेतली त्या दिवसापासून असली स्कीम चालवत होता. मला अजून दिसतं सगळं. रामनगरच्या बाजाराचा दिवस आहे. कुंभारवाड्याच्या बाजूनं माणसं उतरून आलीत, बसचा पत्ता नाही, आणि आपली जीप उभी आहे. पुढच्या सीटवर गावकर बसलाय, देवळाचा मानकरी म्हणून त्याला तिकीट नाही. त्याच्या शेजारी फॉरेस्टचा गार्ड, त्याला तिकीट नाही. मागं शाळेचे मास्तर, त्यांचा मेव्हणा, मेव्हण्याचा कोण दोस्त. कुणी पैशाला हात घातला की तुम्ही हात हलवून म्हणता, "असू दे वो, आपलाच माणूस हाय." आणि आई मला कडेला धरून उभी आहे, पायाशी तांदळाचं बोचकं. ती म्हणते, "आवं, आम्ही?" तुम्ही गिअर टाकता टाकता म्हणता, "घरची माणसं कुठं जात्यात? पुढच्या खेपेला या." जीप जाते आणि आम्ही धूळ खात उभ्या राहतो. पुढची खेप कधी व्हायची, कधी व्हायची नाही. नाही झाली की आम्ही चालत यायचो, आई बोचकं डोक्यावर घेऊन पुढं आणि मी मागं. घरी पोचलो की तुम्ही ओसरीवर चहा पीत बसलेले असायचा. "आलाव व्हय," म्हणायचा. एवढंच म्हणायचा.

जीप धुवायचं काम मात्र माझं होतं. व्हळाच्या पाण्यात चाकं घालून तुम्ही उभी करून जायचा आणि मी फडकं घेऊन आत शिरायची. मडगार्डाखालचा चिखल काडीनं काढायचा, पॅसिंजरनी थुंकलेलं पान घासून काढायचं, काच वर्तमानपत्रानं पुसायची. दसऱ्याला झेंडूच्या माळा मी करायची, बॉनेटवर हळदीकुंकू मी लावायची, आणि माळ घातलेल्या जीपमधून गावाला फेरी मारायला अख्खा गाव बसायचा तेव्हा मी आत वडे तळत असायची. एकदा जीप धुऊन झाल्यावर मी तुमच्या सीटवर चढून बसले. बारा-तेरा वर्षांची असेन. रेक्झीन उन्हानं तापलं होतं. स्टेअरिंग नुसतं धरलं होतं मी, हलवलंसुद्धा नव्हतं. तुम्ही वरून काठावरून बघितलंत, खांद्यावर टॉवेल, आणि म्हणालात, "उतर खाली. जीप म्हंजे काय पाटा-वरवंटा हाय व्हय, कुणीबी उठावं आणि बसावं?" मी उतरले. तुम्ही ओरडला नव्हता, हे मला आजही जास्त लागतं. कोंबडी हाकलावी तसं सहज बोलला होता. आणि मी उतरून उभी असतानाच तुमच्या लेकाला, नाकाला शेंबूड, चड्डी ओली, उचलून मांडीवर घेतलंत आणि हॉर्न वाजवायला दिलात. त्यानं इतका वाजवला की झाडावरची माकडं पळाली. तुम्ही हसलात. मी फडकं पिळत होते.

पुढं बस वाढल्या, दुसऱ्यांच्या जीपा आल्या, आणि आपली जीप विकली गेली. त्यातून तुमच्या लेकाचा डिप्लोमा झाला. माझं तोवर रामनगरात लग्न झालं होतं. जीप द्यायच्या आधी तुम्ही तुमच्या सीटचं जुनं रेक्झीन सोडवून ठेवलं होतंत, आणि मला बोलावून दिलंत. म्हणालात, "चांगलं जाड हाय. बाजाराला पिशवी शिव." लेकाला डिप्लोमा आणि लेकीला रेक्झीन. मी शिवली पिशवी. मशीनची सुई मोडली दोनदा, पण शिवली. खानावळीची कांदे-बटाटे आणायची पिशवी तीच, अगदी आत्ताआत्तापर्यंत. तुमच्या सगळ्या व्यवहारात टिकलेलं तेवढंच एक काम म्हणायचं.

डिप्लोमा झाल्यावर तुमचा लेक पुण्याच्या बाजूला त्या कंपनीत लागला आणि हळूहळू साहेब झाला. साहेब म्हणजे फार मोठा नाही, गळ्यात पट्टा घालून फिरतो तेवढा. पुण्याला गेल्यापासून माझी अक्काची ताई झाली. 'हाय'चं 'आहे' झालं. मी खानावळीला गाडी घ्यायचं मनात आणलं ते गणेशगुडीच्या कामामुळं. तिथं राफ्टिंगला येणाऱ्या लोकांना नाचणीची भाकरी आणि माशाची आमटी हवी असते, लॉजवाले म्हणाले रोज डबे पोचवा, आम्ही घेतो. बसनं डबे पोचवायचे म्हणजे आमटी कंडक्टरच्या अंगावर. मी तुमच्या लेकाला फोन केला. म्हणाला, "ताई, कोटा संपला गं या वर्षीचा." पुढच्या वर्षी विचारलं. पुन्हा संपला. मागाहून कळलं, एकदा त्याच्या वरच्या साहेबाच्या साडूला दिला होता, एकदा त्याच्या सोसायटीच्या चेअरमनला. आपलीच माणसं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. जीपच्या पुढच्या सीटवर कुणाला बसवायचं हे तो तुमच्या मांडीवर बसून शिकलाय.

मग या वर्षी त्याचाच फोन. "ताई, तुझं नाव टाकतोय हां. पण रंगाचं काही बोलू नकोस, स्टॉकमध्ये असेल तो घ्यावा लागेल. आणि वर्षभर विकता येणार नाही." जसा काही मी घेऊन लगेच भंगारात घालणार होते. मी आणि आमचे हे बेळगावला शोरूममध्ये गेलो. आमच्या ह्यांना गाडीत बसलं की मळमळतं, त्यामुळं त्यांच्या हातात कायम लिंबू. शोरूममध्ये एसी, काचेची टेबलं, कॉफीची मशीन, आणि पोरीपोरांचं असं गोड बोलणं की ऐकून तहान लागावी. गाडी आणली समोर. शिळ्या पिठल्याचा रंग. त्या रंगाला त्यांनी इंग्रजीत काहीतरी सोन्याचं नाव ठेवलंय, पण पिठलं ते पिठलंच. चार लोकांनी बघून सोडलेली गाडी ही, म्हणून तर स्कीममध्ये.  मग टेबलापलीकडची पोरगी कॉम्प्युटरकडं बघून म्हणाली, "मॅडम, रिलेशनमध्ये फ्रेंड आहे. सर तुमचे फ्रेंड का?" आमच्या ह्यांनी लिंबू नाकापासून बाजूला घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझ्या पाठचा भाऊ हाय तो. मी त्याचा शेंबूड पुसलाय." पोरगी हसली, म्हणाली, "मग फॅमिलीत टाकायला पाहिजे होतं ना सरांनी."

तिथंच उभी राहून फोन लावला. तुमचा लेक म्हणाला, "अगं ताई, फॅमिलीतलं एकच उरलं होतं, ते हिच्या भावाला दिलं. फ्रेंडमध्ये जागा होती म्हणून तुला तिथं घातलं. काय फरक पडतो? डिस्काउंट तेवढाच." डिस्काउंट तेवढाच होता, हे खरं. त्याला दुसरं काही मोजता येत नाही, त्याला तरी काय बोलणार. बायकोचा भाऊ घरचा आणि बहीण दोस्त. मला तिथून उठून यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. नाही, तुम्ही नाही म्हणणार, आई म्हणाली असती. मी उठले नाही. मला गाडी हवी होती. खानापूरला जाऊन, पोरांच्या वयाच्या मास्तरच्या शिव्या खाऊन मी गाडी शिकले होते, लायसन माझ्या नावाचं होतं, आणि स्वस्तात मिळत असताना बाणेदारपणा दाखवायला मी काही देवळातला खांब नाही. सही केली. कॉफी पण प्याले, फुकट होती म्हणून.

पण अप्पा, मी मनाशी एक ठरवलं होतं. पैसे माझे, लायसन माझं, तेव्हा गाडी माझी आहे असं एकदा तरी चारचौघांत कुणीतरी म्हणायचं. नुसतं कागदावर नाही, तोंडानं. तुमच्या घरात जन्माला येऊन माझी म्हणावी अशी एक वस्तू मला कधी कुणी 'ही तुझी' म्हणून दिली नाही, अगदी रेक्झीनसुद्धा 'पिशवी शिव' म्हणून दिलंत. आणि ही गाडी तर बाहेर पडल्यापासून त्याची झाली होती. त्यानं फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, माझ्या ताईला माझ्याकडून. रामनगरात सगळ्यांनी बघितला.

गाडीसाठी देवीपुढं नारळ फोडून गाऱ्हाणं घालायला गावी जायचं ठरलं. त्यालाच हौस. बायकोला घेऊन रेल्वेनं बेळगावला आला, तिथून बसनं रामनगरला, आणि पुढं माझ्या शेजारी बसला. मी चालवत होते. प्रत्येक वळणाला तो पाय खाली दाबायचा, जसा काही ब्रेक त्याच्याकडं आहे. "ताई, पुढं वळणं आहेत, माझ्याकडं दे." पुण्यात तो बिनगिअरची चालवतो, सरळ रस्त्यावर. मी म्हटलं, "तू बाहेर बघ. जंगल बघ. तुला पुण्यात बघायला मिळत न्हाई." मागं आमचे हे लिंबू धरून डोळे मिटून, आणि वहिनी मोबाइलवर व्हिडिओ काढत. डिकीत खानावळीसाठी घेतलेलं नारळाचं पोतं होतं, ते उतरवायचं राहिलं होतं.

देवळापुढं गावातली माणसं जमली होती, बायका जास्त. तोच गावकर, आता म्हातारा झालाय, कमरेत वाकलाय, पण आवाज तसाच. तुमच्या लेकानं पिशवीतून नारळ काढला. पुण्याच्या दुकानातला, तासून गुळगुळीत केलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वर शेंडी नाही. गावकरानं तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाला, "ह्यो चटणीला घ्या." बायका हसल्या. मी माझ्या पोत्यातला एक दिला. गावकर उभा राहिला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि विचारलं, "कुणाचं नाव घालू?" मी तोंड उघडायच्या आत तुमचा लेक म्हणाला, "माझंच घाला मामा. घरचा कर्ता म्हणून. बहिणीला दिली म्हणून सांगा."

आणि गावकरानं घातलं की. "हे माये, तुझ्या ह्या लेकरानं आपल्या भनीला गाडी दिल्या, तिला चुडेबांगड्यासारखी सांभाळ, वाटंत काय आडवं येईल ते बाजूला कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." नारळ फुटला. अप्पा, सवयीनं हात जोडलेले असतात, लहानपणापासून ऐकून तोंडात बसलेलं असतं. माझ्या तोंडूनसुद्धा अर्धं 'व्हय' बाहेर गेलं. ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "थांबा."

गावकर म्हणाला, "आता काय थांबा? नारळ फुटला. देवीनं ऐकलं."

"देवीला खोटं ऐकवलंसा तुम्ही. गाडी मी घेतल्या. परत सांगा."

तुमचा लेक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, असू दे की गं. देवीला सगळं ठाऊक असतं. पुढच्या वेळी तुझं नाव घालू."

"तिला ठाऊक हाय तर तुझं नाव कशाला सांगितलंस?" मी हळू बोलले नाही. "आणि पुढच्या वेळी म्हंजे कधी? मी दुसरी गाडी घेईन तवा?"

गावकर अडून बसला. एकदा घातलेलं गाऱ्हाणं तसंच बदलता येत नाही, दुसरा नारळ लागतो, असं त्याचं म्हणणं. दुसरा नारळ आता कुठला आणायचा, असं म्हणून तो टॉवेल सोडायला लागला. त्याला वाटलं सुटलो. मी म्हटलं, "डिकीत पोतं हाय. किती पायजेत?" बायका पुन्हा हसल्या, या वेळी मोठ्यानं. आमच्या ह्यांनी न सांगता जाऊन एक नारळ आणला, चांगला शेंडीचा, आणि गावकराच्या हातात ठेवला. आमच्या ह्यांनी लग्नानंतर माझ्यासाठी उठून केलेल्या कामांत हे वरचं.

गावकर म्हणाला, "कुणाची कोण म्हणून सांगू? ह्यांची मालकीण म्हणून?" आमचे हे म्हणाले, "तिलाच इचारा." आणि अप्पा, मी काय बोलावं? मी म्हणायला हवं होतं खानावळवाली म्हणून सांगा. सगळे मला त्याच नावानं ओळखतात. मी म्हटलं, "जीपवाल्याची थोरली लेक म्हणून सांगा. भाकऱ्या थापून गाडी घेतली म्हणून सांगा." असं का म्हणाले याचा मला नंतर दोन दिवस राग येत होता. पण गावकरानं तसंच्या तसं सांगितलं, भाकऱ्यांसकट. "व्हय म्हाराजा" बायकांनी म्हटलं ते पलीकडच्या शेतात गेलं असेल. पुरुषांचं जरा उशिरा आलं. तुमच्या लेकाचं आलं की नाही मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं. तो चपलेकडं बघत होता, ओठ हलले होते, त्यातून काय निघालं देवीला माहीत.

लिंबं चाकाखाली घातली. मी देवीला नमस्कार करून वळते तोवर तुमचा लेक स्टेअरिंगवर जाऊन बसलेला. "पहिली फेरी मी मारतो," म्हणाला, "फोटो पण येईल." आणि गावकर काठी टेकत पुढच्या दारापाशी उभा, कायमचा हक्क असल्यासारखा. मी दार उघडलं आणि म्हटलं, "उतर खाली." माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला, तसाच, न ओरडता. तो उतरला. इतक्या लवकर उतरला की मलाच कसंतरी झालं. पुढं मी आमच्या ह्यांना बसवलं. मागं गावकराच्या म्हातारीला आणि तिच्या दोन सुनांना घेतलं, त्या जन्मात कधी पहिल्या खेपेला बसल्या नसतील. गावकर म्हणाला, "आणि मी?" तुमचा लेकही तसाच उभा, हातात मोबाइल. मी म्हटलं, "तुम्ही घरचीच माणसं. पुढच्या खेपेला या." म्हातारी मागं बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

गाडी चालू केली तर तुमचा लेक खिडकीत वाकला. पुण्याचा साहेब, गळ्यात पट्टा नव्हता एवढंच. म्हणाला, "अक्का, हॉर्न तरी वाजवू दे." ताई नाही, अक्का. पन्नाशीला आलेला माणूस. मी म्हटलं वाजव आणि मर. त्यानं हात आत घालून वाजवला. लिंबं फुटली आणि आम्ही गेलो. गावाच्या टोकाला, आपल्या जुन्या घराच्या वळणावर गाडी फिरवली, परत आले, आणि दुसऱ्या खेपेला त्याला आणि गावकराला घेतलं. मागच्या सीटवर. 

लोक अजून म्हणतातच, भावानं गाडी दिली. म्हणू देत. त्यांच्या तोंडाला लागायला मला वेळ नाही, गणेशगुडीचे डबे थंड होतात. तुमच्या लेकाचा परवा फोन आला होता, पुढच्या वर्षी आमच्या ह्यांच्या पुतण्याला गाडी हवी असली तर सांग, म्हणाला, फॅमिलीत टाकतो. मी म्हटलं, आधी मला टाक. तो हसला. मी हसले नाही.

हे सगळं लिहून कुठं धाडणार? तुमच्या फोटोमागं ठेवलं तर झुरळं खातील. गाडीत समोरच्या खणात ठेवते, इन्शुरन्सच्या कागदांखाली. एक मात्र सांगायचं टाळत होते. मी बुटकी, तुम्हाला ठाऊकच आहे, नुसत्या सीटवर बसून मला बॉनेट दिसत नाही. शोरूमवाल्यांनी गादी दिली होती, मऊ, पिठल्याच्याच रंगाची. ती मागं टाकलीय. मी ती तुमच्या सीटच्या रेक्झीनची पिशवी घेते, आत आईचं जुनं लुगडं घडी करून भरलंय, आणि तिच्यावर बसते. त्या दिवशी देवळापुढं उतरतानाही ती काखेत मारून उतरले होते, कुणाला दिसू नये म्हणून. खानावळीत विचारतात त्यांना मी सांगते, शोरूमची गादी घसरते, ही घसरत नाही, एवढंच. न्हाई अप्पा, एवढंच न्हाई.